जोडीदार पटला नाही तर मत कुठे? केन, हॅरिस आणि वॉल्झ यांच्या निवडी शेजारी ठेवून

पुण्यात किंवा नाशकात महापालिकेचं मत द्यायला गेलं, की चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशी चार मतं वेगवेगळी देता येतात. एक उमेदवार पसंत, दुसरा नापसंत असेल तर बटणं त्याप्रमाणे दाबायची. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत ही मुभा नाही. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ही जोडी मतपत्रिकेवर एकत्र छापलेली असते, तिच्यासमोर एकच गोल, आणि तो काळा करायचा की नाही एवढंच मतदाराच्या हातात.

डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणाऱ्या पुरोगामी मतदाराची यामुळे दर चार वर्षांनी पंचाईत होते. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरी निवडणुकीत त्याचा उमेदवार बहुतेक वेळा हरलेला असतो. जिंकलेला उमेदवार जोडीदार निवडतो, आणि तो 'आपल्यातला' नसला की प्रश्न रांगेत उभे राहतात. तरीही जोडीला मत द्यायचं, पर्यावरणवादी छोट्या ग्रीन पक्षाला द्यायचं, वरची अध्यक्षपदाची ओळ कोरी ठेवायची, आवडतं नाव हाताने लिहायचं, की घरीच बसायचं? न्यू जर्सीतल्या एडिसन, मिशिगनमधल्या ट्रॉय किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये राहणाऱ्या आणि नुकतंच नागरिकत्व मिळालेल्या मराठी माणसासमोर २०२८ मध्ये हाच पेच येऊ शकतो. म्हणून मागच्या तीन निवडी इथे शेजारी ठेवल्या आहेत.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. जोडीदाराच्या निवडीवर पुरोगाम्यांचा जोर चालतो तो नाव जाहीर होईपर्यंत. नाव आल्यावर उरतो तो मतपत्रिकेचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर जोडीदाराच्या गुणदोषांपेक्षा तुमचं राज्य कोणतं आणि तिथला मतमोजणीचा कायदा काय, यावर जास्त अवलंबून असतं.

२०१६: टिम केन

२२ जुलै २०१६, शुक्रवार संध्याकाळ. हिलरी क्लिंटन यांच्या समर्थकांच्या फोनवर मेसेज आला, जोडीदार व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन. त्याच दिवशी विकिलीक्सने डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे हजारो ईमेल उघड केले होते आणि त्यात समितीतल्या लोकांची बर्नी सँडर्स या क्लिंटन यांच्याविरुद्ध प्रायमरी लढलेल्या पुरोगामी सिनेटरबद्दलची शेरेबाजी होती. सोमवारी, २५ तारखेला, फिलाडेल्फियात उमेदवारी पक्की करणारं पक्षाचं अधिवेशन सुरू व्हायचं होतं. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

केन यांच्यावरचा मुख्य आक्षेप एका मताचा होता. जून २०१५ मध्ये सिनेटने 'टीपीए' मंजूर केला. अध्यक्षाने व्यापार करार करून आणला, की संसदेने त्यात दुरुस्ती न सुचवता फक्त हो किंवा नाही म्हणायचं, अशी ती तरतूद. तिच्याशिवाय टीपीपी हा पॅसिफिक देशांचा करार पुढे सरकणं अवघड होतं. या विधेयकाच्या बाजूने मत देणारे डेमोक्रॅट सिनेटर १३, त्यातले एक केन. हे मत एक वर्ष जुनं असूनही इतकं झोंबलं याचं कारण ऑरलँडोत आहे. केन यांच्या नावाच्या दोनच आठवडे आधी तिथे जाहीरनामा समितीची बैठक झाली होती. किमान वेतन १५ डॉलर ही सँडर्स गटाची मागणी मान्य झाली, पण टीपीपीला नाव घेऊन विरोध करायची दुरुस्ती फेटाळली गेली. ती जखम ओली असताना टीपीएवाला जोडीदार समोर आला. अधिवेशनाच्या सभागृहात टीपीपीवर फुली मारलेले फलक का दिसत होते, ते यावरून कळेल.

दुसरा आक्षेप बँकांचा. निवडीच्या काही दिवस आधीच केन यांनी लहान आणि प्रादेशिक बँकांवरचे नियम सैल करावेत अशा अर्थाच्या पत्रांवर सह्या केल्या होत्या. वॉल स्ट्रीटच्या बड्या बँकांविरुद्ध वर्षभर बोललेल्या, अधिवेशनाला आलेल्या सँडर्स गटाच्या प्रतिनिधींना एवढं पुरेसं होतं. व्हर्जिनियाचे गव्हर्नर असताना त्यांच्या कारकिर्दीत ११ जणांना मृत्युदंड दिला गेला, तोही मुद्दा निघाला. स्वतः त्या शिक्षेच्या विरोधात असूनही त्यांनी कायदा राबवला होता.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. केन रिचमंडमध्ये घर नाकारलं गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या बाजूने खटले लढणारे वकील होते. तरुणपणी होंडुरासमध्ये जेसुइट मिशनबरोबर राहिले, तिथून स्पॅनिश घेऊन आले. बंदुकवाल्यांच्या एनआरए संघटनेने त्यांना 'एफ' श्रेणी दिली होती. गर्भपाताबद्दल वैयक्तिक श्रद्धा वेगळी असली तरी सिनेटमधलं मत स्त्रीच्या निवडीच्या बाजूने. आणि जोडीदार झाल्यावर लगेच त्यांनी टीपीपीला विरोध असल्याचं स्पष्ट केलं. हे ऐकून किती प्रतिनिधींचं समाधान झालं? फारसं नाही. नाव आल्यावर बदललेली भूमिका सोयीची वाटते. तीच आधी बदलली असती तर तो पुरोगाम्यांचा विजय ठरला असता.

अधिवेशनात सोमवारी सँडर्स यांनी क्लिंटन यांना निवडून आणायला सांगितलं, तेव्हा त्यांच्याच लोकांनी हुर्यो केली. मंगळवारी राज्यवार मोजणीच्या शेवटी सँडर्स यांनीच क्लिंटन यांची उमेदवारी आवाजी मताने मान्य करायचा प्रस्ताव मांडला, आणि त्यानंतर शेकडो प्रतिनिधी उठून बाहेर गेले. काहींनी तोंडाला पट्ट्या चिकटवल्या होत्या. केन यांना सभागृहातून आव्हान द्यायची चर्चा बरीच झाली, पण बुधवारी त्यांची निवड आवाजी मतानेच उरकली. अधिवेशनात उपाध्यक्षाची निवड खरोखर खुली सोडली गेली ती १९५६ मध्ये, ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी. तेव्हा केफॉव्हर जिंकले आणि जॉन केनेडी हरले. त्यानंतर हा दरवाजा जवळपास बंदच आहे, त्यामुळे 'अधिवेशनात बघून घेऊ' या भरवशावर कुणी राहू नये.

२०२०: कमला हॅरिस

चार वर्षांनी ११ ऑगस्टला जो बायडन यांनी हॅरिस यांचं नाव जाहीर केलं. पुरोगाम्यांची पसंती बऱ्याच अंशी मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांना होती. हॅरिस आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या जिल्हा सरकारी वकील, मग कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरल. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूला तेव्हा तीनच महिने झाले होते आणि रस्त्यावरची तरुण पिढी पोलीस आणि सरकारी वकील यांना एकाच माळेचे मणी समजत होती. मुलं शाळेला सतत दांडी मारत असतील तर पालकांवर कारवाई करायचं त्यांचं धोरण पुन्हा उकरून काढलं गेलं. 'मेडिकेअर फॉर ऑल', म्हणजे सर्वांना सरकारी आरोग्य विमा, यावरूनही तक्रार होती. २०१७ मध्ये त्या सँडर्स यांच्या विधेयकाच्या सहप्रस्तावक होत्या, २०१९ मध्ये मात्र खासगी विम्याला जागा ठेवणारी स्वतःची योजना घेऊन आल्या.

तरी २०१६ सारखा भडका उडाला नाही. कोविडमुळे अधिवेशन पडद्यावर होतं, हुर्यो करायला सभागृहच नव्हतं, हे एक. पण मोठं कारण वेगळं आहे. सँडर्स ८ एप्रिललाच शर्यतीतून बाहेर पडले आणि बायडन यांच्याशी बोलून सहा संयुक्त कार्यगट नेमून घेतले. हवामान, शिक्षण, अर्थव्यवस्था, आरोग्य, स्थलांतर, फौजदारी न्याय अशा विषयांवरचा त्यांचा ११० पानांचा दस्तऐवज जुलैत आला. म्हणजे देवाणघेवाण जोडीदाराच्या आधीच झाली होती, आणि ती कागदावर होती. जोडीदार कोण यावरची भिस्त आपोआप कमी झाली.

प्रतिनिधिगृहाचे सदस्य रो खन्ना यांचं उदाहरण इथे कामाचं आहे. सँडर्स यांच्या प्रचाराचे ते सहअध्यक्ष होते. २०२० च्या जाहीरनाम्यात सर्वांसाठी मेडिकेअर नाही म्हणून त्यांनी जाहीरनाम्याविरुद्ध मत दिलं आणि बायडन-हॅरिस जोडीचा प्रचारही केला. धोरणावरचा विरोध जाहीरनाम्याच्या मतदानात नोंदवायचा आणि नोव्हेंबरमधल्या मताचा हिशोब वेगळा ठेवायचा, ही पद्धत निदान स्वच्छ आहे. कुणाला ती दुटप्पी वाटेल. आम्हाला वाटत नाही.

२०२४: टिम वॉल्झ

बायडन २१ जुलैला बाजूला झाले, त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या हॅरिस यांनी ६ ऑगस्टला मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचं नाव सांगितलं. मधल्या सोळा दिवसांत पुरोगाम्यांनी जे केलं ते २०१६ मध्ये झालंच नव्हतं. त्यांनी इच्छुकांच्या एकेका नावावर उघड, नेमका आक्षेप घेतला.

ॲरिझोनाचे सिनेटर मार्क केली यांच्यावर कामगार संघटनांचा रोख होता, कारण संघटना बांधणं सोपं करणाऱ्या 'प्रो ॲक्ट'ला त्यांनी पाठिंबा दिला नव्हता. जुलैतच केली यांनी विधेयक मतदानाला आलं तर बाजूने मत देईन असं सांगून टाकलं. नाव त्यांचं लागलं नाही, पण एका सिनेटरची भूमिका बदलली. पेनसिल्वेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो यांच्यावर दोन आक्षेप होते. एक, खासगी शाळांच्या फीसाठी सरकारी पैसा देणाऱ्या १० कोटी डॉलरच्या योजनेला त्यांनी २०२३ मध्ये दिलेला पाठिंबा, जो नंतर आपल्याच पक्षाच्या विरोधामुळे त्यांना मागे घ्यावा लागला. दुसरा, गाझा युद्धाविरुद्ध विद्यापीठांत झालेल्या आंदोलनांबद्दलची त्यांची कडक भाषा. या दुसऱ्या आक्षेपाला ज्यू उमेदवार म्हणून त्यांना वेगळी फुटपट्टी लावल्याचं प्रत्युत्तर मिळालं, कारण इस्रायलबाबत इतर इच्छुकांची मतं फार वेगळी नव्हती. या प्रत्युत्तरात तथ्य होतं. पुरोगामी गटांनी शाळेच्या पैशांवरच बोट ठेवलं असतं तर त्यांची बाजू अधिक भक्कम राहिली असती.

वॉल्झ यांच्याकडे दाखवायला यादी होती. मिनेसोटाच्या सिनेटमध्ये ३४ विरुद्ध ३३ अशा एका जागेच्या बहुमतावर २०२३ मध्ये शाळेत सगळ्या मुलांना मोफत नाश्ता आणि जेवण, भरपगारी नव्हे पण सवेतन कौटुंबिक आणि वैद्यकीय रजा, मुलामागे १,७५० डॉलरपर्यंत करसवलत, २०४० पर्यंत पूर्ण कार्बनमुक्त वीज, गर्भपाताच्या हक्काचा कायदा हे सगळं झालं. जेवणाच्या कायद्यावर शाळेत सही केल्यावर मुलांनी त्यांना गराडा घालून मिठी मारली, तो फोटो प्रचारात हजार भाषणांच्या तोडीचा ठरला. याच वॉल्झ यांना ग्रामीण मतदारसंघातून संसदेत असताना एनआरएची 'ए' श्रेणी होती, हे पुरोगाम्यांनी पोटात घातलं. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ आणि जो मॅन्चिन या दोघांनीही त्यांची स्तुती केली. पक्षाच्या दोन टोकांना एकाच नावाचं कौतुक वाटावं, हे दुर्मीळच.

आणि तरीही गाझाच्या प्रश्नावर काही हललं नाही. फेब्रुवारीत मिशिगनच्या प्रायमरीत एक लाखाहून जास्त मतदारांनी निषेध म्हणून 'अनकमिटेड', म्हणजे कुणालाच बांधील नाही, या पर्यायावर शिक्का मारला होता, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक. वॉल्झ यांच्या मिनेसोटात तर हे प्रमाण १९ टक्क्यांच्या घरात गेलं. वॉल्झ त्या मतदारांबद्दल आदराने बोलले होते म्हणून आशा वाढली. पण ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला व्यासपीठ द्या ही साधी मागणीही मान्य झाली नाही. शस्त्रपुरवठ्याचं धोरण अध्यक्षाच्या कार्यालयात ठरतं. जोडीदार सहानुभूतीचा असला म्हणून ते बदलेल, हा हिशोबच चुकीचा होता.

रिकामी होणारी खुर्ची

या भागाकडे बहुतेक मतदार बघतच नाहीत आणि मग 'वॉरन का नाही?' म्हणून चिडतात. सिनेटर उपाध्यक्ष झाला की त्याची जागा रिकामी होते, आणि बहुतेक राज्यांत ती तात्पुरती भरायचा अधिकार गव्हर्नरला असतो. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर चार्ली बेकर आणि ओहायोचे जॉन केसिक, दोघेही रिपब्लिकन. वॉरन किंवा ओहायोचे सिनेटर शेरॉड ब्राउन यांना उचललं असतं तर त्यांच्या जागी निदान काही महिने रिपब्लिकन सिनेटर बसला असता. मॅसॅच्युसेट्समध्ये जागा रिकामी झाल्यापासून १४५ ते १६० दिवसांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, ओहायोत मात्र नेमणूक बराच काळ टिकली असती. व्हर्जिनियात डेमोक्रॅट टेरी मॅकॉलिफ होते, म्हणून केन 'सुरक्षित' ठरले.

२०२० मध्ये हॅरिस यांच्या जागी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी अलेक्स पडिया यांना नेमलं, पक्षाचं काहीच गेलं नाही. २०२४ ची निवड या बाबतीत पुरोगाम्यांना सर्वांत गोड होती. वॉल्झ गेले असते तर त्यांच्या जागी उपगव्हर्नर पेगी फ्लॅनगन गव्हर्नर झाल्या असत्या, अमेरिकेतल्या पहिल्या आदिवासी महिला गव्हर्नर, आणि राजकारणाने वॉल्झ यांच्याहून डाव्या.

सन २००० चं उदाहरण विसरू नये. अल गोर यांनी कनेक्टिकटचे सिनेटर जो लिबरमन यांना जोडीदार म्हणून घेतलं, तिथले गव्हर्नर रिपब्लिकन होते, आणि सिनेटचा निकाल लागला ५०-५०. गोर जिंकले असते तर त्यांच्याच जोडीदारामुळे सिनेट हातची गेली असती. पुढे हेच लिबरमन २००८ मध्ये रिपब्लिकन अधिवेशनात जॉन मॅकेन यांच्यासाठी बोलले आणि २००९ मध्ये सरकारी आरोग्य विम्याचा पर्याय त्यांच्या विरोधामुळे विधेयकातून गळला. त्या निवडीवरचा पुरोगाम्यांचा राग मात्र वाया गेला असं म्हणता येणार नाही. माणूस ओळखण्यात ते चुकले नव्हते.

उपाध्यक्षाच्या हातात खरोखर काय असतं

सिनेट ५०-५० असेल तर निर्णायक मत, नसेल तर जवळपास काहीच नाही. हॅरिस यांनी चार वर्षांत ३३ वेळा हे मत दिलं. पूर्वीचे उपाध्यक्ष जॉन कॅलहून यांचा ३१ चा विक्रम जवळपास दोनशे वर्षं जुना होता, तो मोडला. ऑगस्ट २०२२ मध्ये हवामान आणि औषधांच्या किमतींचा मोठा कायदा ५१-५० ने पार पडला तो त्यांच्याच मताने. 'ती तर सरकारी वकील' म्हणून २०२० मध्ये नाक मुरडणाऱ्यांनी ही नोंद वाचावी. ते मत केन यांनीही तसंच दिलं असतं आणि वॉल्झ यांनीही. बरोबरीच्या मतात उपाध्यक्षाची विचारसरणी क्वचितच कामी येते, पक्ष येतो.

विचारसरणीची खरी परीक्षा एकदा आली होती. २५ फेब्रुवारी २०२१ ला सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅक्डोनो यांनी सांगितलं, की १५ डॉलरचं किमान वेतन साध्या बहुमताने पार होणाऱ्या अर्थसंकल्पी विधेयकात बसत नाही. सिनेटच्या अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष असतो आणि त्याने हा सल्ला मानलाच पाहिजे असं बंधन नाही. रो खन्ना यांच्यासह प्रतिनिधिगृहातल्या काही पुरोगामी सदस्यांनी पत्र लिहून तो बाजूला सारायची मागणी केली. व्हाइट हाउसने नकार दिला. मग ५ मार्चला सँडर्स यांनी दुरुस्ती मांडली आणि ती ४२ विरुद्ध ५८ ने पडली. डेमोक्रॅटिक गटातलेच आठ सिनेटर विरोधात गेले. उपाध्यक्षाच्या खुर्चीत स्वतः वॉरन असत्या तरी हे आठ जण कुठून आणायचे, हा प्रश्न राहिलाच असता. म्हणून देणगीची रक्कम किंवा सुट्टीच्या दिवसाचा प्रचार कुठे घालायचा हे ठरवताना जोडीदाराच्या आधी सिनेटची एखादी काठावरची जागा बघावी.

आकडे

| | क्लिंटन / हॅरिस किती मतांनी मागे | ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांची मतं |
|---|---|---|
| मिशिगन २०१६ | १०,७०४ | ५१,४६३ |
| विस्कॉन्सिन २०१६ | २२,७४८ | ३१,०७२ |
| पेनसिल्वेनिया २०१६ | ४४,२९२ | ४९,९४१ |
| मिशिगन २०२४ | ८०,१०३ | सुमारे ४४,६०० |
| विस्कॉन्सिन २०२४ | २९,३९७ | सुमारे १२,३०० |
| पेनसिल्वेनिया २०२४ | १,२०,२६६ | सुमारे ३४,५०० |

तक्ता वाचताना दोन चुका हमखास होतात. पहिली, २०१६ च्या तिन्ही राज्यांत स्टाइन यांची मतं फरकापेक्षा जास्त आहेत म्हणून 'ग्रीनवाल्यांनी हरवलं' असं ठोकून देणं. त्यातले बरेच जण ग्रीनचा पर्याय नसता तर घरीच बसले असते. दुसरी चूक, ही मतं केन यांच्यामुळे गेली असं मानणं. टीपीपी, ईमेल, प्रायमरीतली कटुता आणि केन यांची निवड यांतून एकट्या केन यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. तक्ता सांगतो ते एवढंच, की २०१६ मध्ये तिसऱ्या पक्षाचं मत निकाल फिरवू शकेल एवढं मोठं होतं आणि २०२४ मध्ये ते नव्हतं. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नसारख्या अरबबहुल शहरात स्टाइन १८ टक्क्यांपर्यंत गेल्या, पण तिथे ट्रम्प यांनाही ४२ टक्के मिळाले. म्हणजे रागाची मोठी धार तिसऱ्या पक्षाकडे न जाता थेट दुसऱ्या बाजूला वळली.

जोडीदार आपलं राज्य जिंकून देतो हा समजही इथेच तपासून घ्यावा. व्हर्जिनिया क्लिंटन यांच्याकडे पाच टक्क्यांनी राहिली, मिनेसोटा हॅरिस यांच्याकडे चार टक्क्यांनी. पण वॉल्झ जिथे शाळेत शिकवायचे त्या मँकेटोचा ब्लू अर्थ परगणा ट्रम्प यांच्याकडे गेला.

मतपत्रिकेवर काय काय करता येतं

जोडीला मत द्यायला सांगण्यासारखं काही नाही. बाकीच्या पर्यायांत खाचाखोचा आहेत.

ग्रीन किंवा इतर पक्षाला मत देण्यामागचा सगळ्यात ठोस युक्तिवाद ५ टक्क्यांचा आहे. देशभरात ५ टक्के मतं मिळाली की त्या पक्षाला पुढच्या निवडणुकीत सरकारी निधी मिळू शकतो. २००० मध्ये ग्रीनचे राल्फ नेडर २.७ टक्क्यांवर थांबले, २०१६ मध्ये स्टाइन सुमारे एक टक्क्यावर. निधीसाठी मत देत असाल तर हे अंतर माहीत असू द्या. फ्लोरिडात नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती आणि गोर हरले ५३७ मतांनी.

हाताने नाव लिहिणं दिसतं तितकं सोपं नाही. हवाई, ओक्लाहोमा, साउथ डकोटा, नेवाडा यांसारख्या राज्यांत अध्यक्षपदासाठी ही सोयच नाही. मिशिगन, कॅलिफोर्निया अशा राज्यांत त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने मुदतीत कागदपत्रं दाखल केलेली असली तरच मत मोजलं जातं, नाहीतर तुमचं सुवाच्य अक्षर कुणी वाचतसुद्धा नाही. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात सँडर्स यांच्यासाठी कागदपत्रं झाली होती म्हणून त्यांची ७९ हजारांवर मतं नोंदली गेली. व्हरमाँटमध्ये १८ हजारांवर. दोन्ही राज्यं क्लिंटन यांनी आरामात जिंकली होती.

वरची ओळ कोरी ठेवणं, म्हणजे आपल्याकडचा 'नोटा'. अमेरिकेत 'यांपैकी कोणी नाही' हा छापील पर्याय फक्त नेवाडात आहे. बाकी ठिकाणी कोरी ओळ ही फक्त कोरी ओळ. मिशिगनमध्ये २०१६ ला सुमारे ७५ हजार मतपत्रिकांवर अध्यक्षपदाची ओळ कोरी होती, फरकाच्या सातपट. पण त्या कोऱ्या ओळींतून कुणाला काय निरोप गेला, ते कुणालाच वाचता आलं नाही. तिथे आणखी एक फसगत होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर सगळ्यात वर 'पूर्ण पक्षाला एक मत' असा गोल असतो. तो काळा करून अध्यक्षाची ओळ कोरी सोडली, की मत त्या पक्षाच्या जोडीलाच जातं. ओळ खरोखर कोरी ठेवायची असेल तर वरचा गोल सोडा आणि खालच्या प्रत्येक पदासाठी वेगळी खूण करा.

घरी बसणं सर्वांत महाग, कारण खालची मतंही बुडतात. २०२४ मध्ये मिशिगन हॅरिस यांच्या हातून गेलं, पण सिनेटची जागा एलिसा स्लॉटकिन यांनी सुमारे १९ हजार मतांनी राखली.

मेनमध्ये मात्र अध्यक्षपदासाठीही पसंतीक्रम देता येतो. ग्रीनला पहिली पसंती, डेमोक्रॅटिक जोडीला दुसरी. कुणालाच निम्म्याहून अधिक मतं मिळाली नाहीत तर तळातले उमेदवार बाद होतात आणि तुमची दुसरी पसंती मोजली जाते. २०२४ मध्ये अलास्कातही अशीच मोजणी होती. जोडीदारावरचा राग नोंदवून मतही शाबूत ठेवायची ही एकच चोख व्यवस्था.

तुम्ही कुठे राहता त्यावर

न्यू जर्सीत असाल तर 'आपलं राज्य सुरक्षित आहे, निषेधाचं मत परवडतं' हे वाक्य २०२० पर्यंत खपून जायचं. तेव्हा बायडन तिथे १६ टक्क्यांच्या आसपास पुढे होते. २०२४ मध्ये हॅरिस यांची आघाडी सहा टक्क्यांच्या आत आली. निषेधाचं मत द्यायचंच तर ऑक्टोबरमधल्या जनमत चाचण्या बघून द्या, चार वर्षांपूर्वीच्या नकाशावर नको. कॅलिफोर्नियात मोकळीक जास्त आहे, पण नाव लिहायचं असेल तर राज्याच्या निवडणूक कार्यालयाची मान्य नावांची यादी आधी उघडून बघा.

मिशिगनमध्ये असाल तर तुमचा वेळ मोलाचा, आणि तो ऑगस्टच्या आधी खर्च करा. या राज्यात जोडीदारावर जोर कसा चालतो याचा नमुना २०१८ मध्ये दिसला. गव्हर्नरच्या प्रायमरीत ग्रेचन व्हिटमर यांना सुमारे ५२ टक्के, डावीकडच्या अब्दुल अल-सय्यद यांना ३० आणि बेळगावच्या श्री ठाणेदार यांना १८ च्या आसपास. ठाणेदारही तेव्हा सँडर्स यांच्याच वाटेवरची मतं मागत होते. मिशिगनमध्ये उपगव्हर्नरचा उमेदवार पक्षाच्या राज्य अधिवेशनात प्रतिनिधींच्या मताने पक्का होतो, आणि तिथे पुरोगामी प्रतिनिधी बरेच असणार होते. अधिवेशनाआधीच व्हिटमर यांनी डेट्रॉइटचे गार्लिन गिलख्रिस्ट यांचं नाव पुढे केलं, जे पूर्वी मूव्हऑन या पुरोगामी संघटनेत प्रचाराचं काम करायचे. आव्हान द्यायची वेळच आली नाही. प्रतिनिधी व्हायचं असेल तर प्रायमरीच्या वर्षी स्थानिक पक्षसभांच्या तारखा आधीच बघून ठेवा.